नेहाला खाली पाठवा

जून लागला की पनवेलच्या उरण नाक्याजवळच्या मासळी बाजाराचा वास बदलतो. मे महिनाभर तिथे ओल्या मासळीचा, वितळत्या बर्फाचा आणि भिजलेल्या पाट्यांचा वास असतो. मग समुद्रातली मासेमारी दोन महिने बंद होते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांच्यावर निळी ताडपत्री चढते आणि बाजारात सुकट, बोंबील, जवळा, सोडे अशा सुक्या मासळीचे ढीग लागतात. निम्मे ओटे रिकामे असतात. विचुंब्याला आमच्या सोसायटीत कुणाच्या तरी खिडकीतून भाजलेल्या बोंबलाचा वास येतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लगेच नाक मुरडतं.

मला तो वास आवडतो. पण त्या वासाबरोबर दरवर्षी एक राग वर येतो, आणि इतकी वर्षं झाली तरी तो शिळा होत नाही. मी तो तसाच जपून ठेवला आहे म्हणा ना. काही राग माणसाने सोडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा मी नवीन पनवेलमध्ये एका ऑनलाइन कंपनीत होते. घरबसल्या सहलीची आखणी करून देणारी कंपनी. मोबाइलवर तुम्ही जागा निवडायची, तारखा टाकायच्या, की गाडी, हॉटेल, फिरणं, जेवण असा सगळा बेत रंगीत चित्रांसकट तयार. मी ग्राहक सेवेत होते. सेवा हा शब्द मी आजही लिहिताना जरा अडखळते, कारण आम्ही काय करत होतो त्याला दुसरा एखादा शब्द असायला हवा होता. माणसं चिडून फोन करायची आणि ती चिडलेली माणसं फोन ठेवतील इतपत थंड करायची, हे आमचं काम. ती थंड झाली का, हे पडद्यावर दिसायचं. त्यांचं काम झालं का, हे दिसायची सोयच नव्हती.

त्या कामाला एक रीत होती. मराठी बोलणाऱ्या आम्ही जेवढ्या मुली होतो, तेवढ्या सगळ्यांचं नाव नेहा. "नमस्कार, मी नेहा बोलतेय." कोपऱ्यातली सुजाता नेहा, तिच्या शेजारची रुबीना नेहा, मी नेहा. आमचे टीम लीडर समीर सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "कस्टमरला वाटलं पाहिजे की एकच ओळखीची मुलगी आपलं काम बघतेय. विश्वास बसतो." मला तेव्हा ते हुशारीचं वाटलं. विश्वास बसतो, हे तर अगदी खरं निघालं.

मे आणि जून म्हणजे आमचा सीझन. बाहेर हळदीच्या मांडवांत रात्र रात्र गाणी वाजायची, आणि सकाळी आम्ही डोळे चोळत हेडफोन कानाला लावायचो. एसी इतका की उन्हाळ्यात आम्ही स्वेटर घालून बसायचो. कुणी उटीच्या रस्त्यावर मुलांना घेऊन उभं असायचं, कुणाला समुद्र दिसणारी खोली सांगून भिंत दिसणारी दिलेली असायची. आणि आम्ही म्हणायचो, "मी तुमची अडचण समजू शकते." हे वाक्य प्रत्येक फोनमध्ये आलंच पाहिजे असा नियम होता. नाही आलं तर गुण कापायचे. माणसाची अडचण समजली आणि वाक्य राहिलं, तरी गुण कापायचे. याच्याइतका निर्लज्ज नियम मी पुन्हा कुठे पाहिलेला नाही.

त्या सीझनला चांगुणामावशीचा फोन आला.

आवाज खणखणीत. बाजारात तीन ओट्यांपलीकडून गिऱ्हाइकाला बोलावणाऱ्या बाईचा आवाज असतो तसा. गव्हाणच्या पलीकडे खाडीकाठी तिचं गाव, आणि बसणं पनवेलच्या मासळी बाजारात. ती आणि तिच्या ओळीत बसणाऱ्या चौघी-पाचजणी कोळणी मिळून हिमाचलला जाणार होत्या. सुनेने मोबाइलवर सगळं ठरवून दिलं होतं. मी बेत उघडून वाचायला लागले, तशी ती मधेच म्हणाली, "ता ऱ्हांव दे गो. बर्फ हाय का नाय, येवरा सांग."

मी सांगितलं, वरच्या खिंडीत जूनमध्येही बर्फ असतो.

"मंग झाला! आख्खा जलम बर्फाच्या लाद्या इकत घेतल्या. हाताच्या भेगा बग, नाय, तुना कशा दिसतील फोनवरना. एकदा फुकटचा बर्फ बगाचा हाय."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग जरा आवाज उतरवून तिने सोनाबाईबद्दल सांगितलं. सोनाबाई त्यांच्यातली सगळ्यांत मोठी. चांगुणामावशी लग्न होऊन आली तेव्हा तिला पाटीशी कसं बसायचं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे सोनाबाईने शिकवलं. आता तिचे गुडघे गेले होते. "डाक्टर बोलतं, अजून एक साल चालंल. मंग पायऱ्या नाय. म्हनून या बंदीन जावाचा. या साली नाय तं तिचा नायच."

बंदी म्हणजे मासेमारीची बंदी. दर्या चालू असताना यांना घरचं लग्नसुद्धा जपून काढावं लागतं. होडी येईल तेव्हा धक्क्यावर हजर, तिथून बाजार, बाजारातून घर. वर्षातून ही एवढी एकच फट सापडते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की ती मिटते. पनवेलमध्ये वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं. आमच्या कंपनीला माहीत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

त्यांनी स्वेटर घेतले. ऐन मे महिन्यात, पनवेलच्या उकाड्यात, या बायका कापडाच्या दुकानात स्वेटर मागायला गेल्या, आणि दुकानदाराने माळ्यावरची गाठोडी काढून दिली. हे सगळं मला फोनवर कळायचं. सोनाबाईने लाल घेतला. तो घालून ती ओट्यावर बसून बघत होती आणि घामाने निथळत होती, हे सांगताना चांगुणामावशी इतकी हसली की मला हेडफोन कानापासून लांब धरावा लागला.

आणि निघायची वेळ जवळ आली, तेव्हा पडद्यावर त्यांच्या बेतापुढे लाल खूण आली. हॉटेल नाही.

हॉटेल नाही म्हणजे काय, ते मला तोवर पुरतं कळलं होतं. आमची कंपनी सीझनला खोल्या आधी विकायची आणि मग शोधायची. मिळाल्या तर ठीक. नाही मिळाल्या तर ग्राहकाला "पर्याय" द्यायचे. यात चूक, घोटाळा, गोंधळ असं काही नव्हतं, हीच धंद्याची पद्धत होती. वरच्या मजल्यावर तिला काहीतरी गोंडस इंग्रजी नावही होतं. त्या नावाखाली दर सीझनला किती घरांच्या सुट्ट्या चुलीत गेल्या, याची आठवण आली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पर्याय काय, तर हीच सहल सप्टेंबरमध्ये. पैसे परत नाहीत, कूपन मिळेल, तेही पावसाळ्यानंतरच्या तारखांना चालणारं.

तिचे फोन सुरू झाले. फोन कुणाकडे जाईल ते यंत्र ठरवायचं. सकाळी ती सुजाताशी बोलली, सुजाताने धीर दिला की खोल्या नक्की होतील. दुपारी रुबीनाशी बोलली, रुबीनाने कूपनाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी एका नेहाने तिला काहीतरी तिसरंच सांगितलं. प्रत्येकीसमोर लिहून दिलेलं वाक्य होतं आणि डोक्यावर घड्याळ. मग माझ्याकडे आला.

"नेहा, सप्टेंबरला दर्या चालू असतं गो. आमी कशा येनार? तुना सांगितला होता ना मी?"

मी कारणाच्या रकान्यात "मासेमारी बंदी" लिहायला गेले. तिथे लिहिता येत नव्हतं, फक्त निवडता येत होतं. आजारपण, मृत्यू, हवामान, इतर. मी "इतर" निवडलं. इतर निवडलं की तक्रार यादीच्या तळाला जाते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी फोन होल्डवर ठेवून समीर सरांकडे गेले, म्हटलं, या बायका फक्त आत्ताच जाऊ शकतात, यांना दुसरं हॉटेल शोधून द्या. ते म्हणाले, "मीनल, तू त्यांना प्रॉब्लेम सांगत बसू नकोस. ऑप्शन सांग. त्यांनी हो म्हटलं की क्लोज." माणूस तसा वाईट नव्हता. त्यांनाही वरून कुणीतरी घड्याळ लावलेलं होतं. पण सगळे असे वाईट नसलेले लोक मिळून एखाद्या म्हातारीचा बर्फ हिरावून घेतात, तेव्हा आपण रागवायचं तरी कुणावर?

मी जागेवर येऊन मावशीला ते कूपनाचं वाक्य वाचून दाखवलं नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, मी बघते." ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पोरी, घरी सगला ठीक हाय ना?"

मला कळेना. भांडता भांडता ही बाई माझ्या घरची चौकशी का करतेय? मी म्हटलं, हो, सगळं ठीक आहे. फोन संपल्यावर पाहिलं, तर रुबीनाच्या नोंदीतही लिहिलेलं होतं, "ग्राहकाने वैयक्तिक प्रश्न विचारला." सुजाताच्या नोंदीतही.

दोन दिवस गेले असतील, आणि ती स्वतः आली.

आमच्या इमारतीखाली काचेचा मोठा हॉल होता, त्यात गवती चहाच्या वासाचं काहीतरी फवारलेलं असायचं. दुपारी खालून फोन आला की एक बाई आलीय, हलत नाही, पिशवीला मासळीचा वास येतोय, पाहुणे नाक धरतायत. सिक्युरिटीचा माणूस तिला सांगत होता की तक्रार मोबाइलवर करायची असते. मोबाइलवर करूनच ती आली होती! मी, सुजाता, रुबीना जिन्याने खाली आलो, तर चांगुणामावशी त्या गुळगुळीत फरशीवर, सोफा सोडून, भिंतीला पाठ टेकून बसलेली. नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीवर पिशवी. तिचा आवाज साऱ्या हॉलभर घुमत होता.

"तू वर जा नि नेहाला खाली पाठव. मी हितंच बसली हाय."

आम्हाला बघून ती उठली. "नेहा कंची तुमच्यातली?"

खरं नाव ग्राहकाला सांगायचं नाही असा नियम, आणि तिथे उभं राहून "मी नेहा" म्हणायला जीभ रेटेना. आम्ही तिघी माना खाली घालून उभ्या. ती म्हणाली, "बोला गो कोनतरी. आवाजावरना वलखीन मी."

रुबीनाला राहवलं नाही. "मावशी, तुम्ही आधी बसा ना."

"हीच! हीच नेहा."

"मावशी, पाणी आणू का?" सुजाता म्हणाली.

मावशी तिच्याकडे वळली. पुन्हा रुबीनाकडे. "तू पन?"

मग मीच बोलले. म्हटलं, "मावशी, नेहा कुणीच नाही. आम्हा सगळ्यांना तेच नाव दिलंय. मी मीनल. मी पनवेलचीच. आणि तुमच्या खोल्या कधी घेतलेल्याच नव्हत्या. आता मिळणारही नाहीत. कोणी काही सांगितलं तरी वाट बघू नका."

सिक्युरिटीच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काच फोडली. मला वाटलं, आता ही बाई आम्हाला फाडून खाईल. कोळणीच्या तोंडाला लागू नये म्हणतात, आणि तिचा तर हक्कच होता. पण ती आम्हा एकेकीचं तोंड बघत राहिली. मग म्हणाली, "मी सोनाबाईला सांगत होती, पोर चांगली हाय. सकालची एक बोलतं, दुपारची एक बोलतं, तं तिच्या घरान काय तरी दुखना असंल, म्हनून इसरतं. म्हनून इचारत होती मी, घरी ठीक हाय ना."

म्हणजे आम्ही तिला एका नावामागे लपून फसवत होतो, आणि ती त्या नसलेल्या मुलीची बाजू घेऊन आपल्या मैत्रिणींशी भांडत होती. विश्वास बसतो, म्हणाले होते सर. असा बसला होता. तो त्यांच्या टेबलावर नेऊन आपटावा असं मला झालं.

जाताना तिने पिशवीतून सोड्यांची पुडी काढून माझ्या हातात कोंबली. कोलंबी सोलून उन्हात वाळवायची, त्याचे सोडे. महाग जिन्नस, आणि मोठी कष्टाची. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "भांडाला आलेली. पन भांडाला झाला म्हनून रिकाम्या हातानं कशी येव?"

त्या पुडीचा वास लिफ्टमध्ये राहिला म्हणून वरून तक्रार आली. माझ्यावर कारवाईचं पत्र येण्याआधी मीच नोकरी सोडली. मोठा पराक्रम केला असं मी कधी समजले नाही, कारण त्याने सोनाबाईला बर्फ दिसला नाही. सीझन होता, कुठेही जागा नव्हती, आणि पैसे त्या कूपनात अडकलेले. त्या बायका गेल्या नाहीत. पावसाची झड लागली, नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या. मी बाजारात गेले, तर सोनाबाई ओट्यावर लाल स्वेटर घालून बसलेली. मी बघतच राहिले, तशी म्हणाली, "घेतलाय तं घालते. पेटीन ठेवून काय कीड लावू?" स्वेटरच्या बाह्यांना पापलेटाचे खवले चिकटले होते, आणि बर्फाच्या पाटीत हात घालताना ती त्या बाह्या नीट वर सारत होती.

तेव्हापासून मी मासळी चांगुणामावशीकडूनच घेते. आता मी एका दातांच्या दवाखान्यात फोनवर असते. "नमस्कार, मी मीनल बोलतेय," असं दिवसभर म्हणते. लोकांची दाढ दुखत असते, त्यांना माझ्या नावाशी काय देणंघेणं, पण मला आहे.

यंदाची बंदी लागली आणि मी सोडे आणायला बाजारात गेले. सोनाबाईच्या ओट्यावर आता तिची सून बसते. सोनाबाई घरी, चाकाच्या खुर्चीत. चालायचं संपलं, डॉक्टर म्हणाले होते तसंच. चांगुणामावशी मला बघून म्हणाली, "बरा झाला आलीस. हे बग, सहलीची नवीन कंपनी हाय. आता तं इमान आमच्या घरावरना जातं. भांडी वाजतात गो. डोक्यावरना रोज लोका बर्फाला जातात नि आमी खालना बगताव." नवा विमानतळ तिच्या गावाच्या उशालाच झाला आहे.

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. नाव नवीन, रंग नवीन. पण कंपनी तीच, हे मी खालची बारीक अक्षरं वाचून ओळखलं. विकली गेली, नाव बदललं, आणि आता तिथे फोन घ्यायला मुली नाहीत. यंत्र बोलतं. मावशीने बटण दाबलं आणि बाजाराच्या त्या गलक्यात स्वच्छ, गोड, थोडा सर्दी झाल्यासारखा आवाज आला.

"नमस्कार, मी नेहा बोलतेय."

मावशीने डोळे बारीक केले. पण तिला कामाचं विचारायचं होतं. ती म्हणाली, "खुर्चीवरची म्हातारी हाय. बर्फापरत खुर्ची जाईल का? गाडी कुठपरत जातं?"

"मी तुमची अडचण समजू शकते," आवाज म्हणाला. "कृपया खालील पर्यायांपैकी एक निवडा. तारीख बदलणे. कूपन मिळवणे. इतर."

तीच वाक्यं. आमच्याच तोंडची. आमचे सगळे फोन ते ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, "दर्जा सुधारण्यासाठी". सुजाताचा धीर, रुबीनाचा मऊपणा, माझं "मी बघते", सगळं दळून त्यांनी ही एक न थकणारी नेहा बनवली आहे. तिच्यावर ओरडता येत नाही, तिची मान खाली जात नाही, ती जिना उतरून कधी येणार नाही. आणि "इतर" अजून तळालाच आहे. एवढी अक्कल खर्चून यंत्र केलं, त्यात एका म्हातारीच्या खुर्चीसाठी एक रकाना घालावा असं यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही!

मी म्हटलं, "मावशी, ठेवा फोन. यात नेहा कुणी नाही. मशीन आहे."

"तवा पन तू आसंच बोल्लेली. नेहा कुनीच नाय म्हनून." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तं आत तुमी तिघी निघाल्या."

शेजारच्या ओट्यावरून सोनाबाईची सून ऐकत होती. वरून एक विमान गेलं, तेवढा वेळ मावशी थांबली. मग पदराने हात पुसला, दोन्ही पाय वर घेऊन ओट्यावर नीट मांडी घातली, मोबाइल तोंडाजवळ धरला आणि जराही आवाज न चढवता म्हणाली,

"पोरी, तुजी चूक नाय. पन तू वर जा नि कुनाला तरी खाली पाठव. मी हितंच बसली हाय."